मोबाइलचं कनेक्शन बंद करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, धाराशिव, बीड, परभणी, नांदेडकडची माणसं सिम बंद करण्याबद्दल जे प्रश्न घेऊन येतात, ते इथे एकत्र केले आहेत. कनेक्शन घ्यायला आधार दाखवून अंगठा लावला की दहा मिनिटं पुरतात. तेच बंद करायला गेलं की "सर्व्हर डाउन आहे", "साहेब बाहेर गेलेत", "हे इथं होत नसतंय, कस्टमर केअरला लावा" अशी टोलवाटोलवी सुरू होते. ही अडवणूक मुकाट सोसायची गरज नाही. नियम बऱ्यापैकी ग्राहकाच्या बाजूचे आहेत, पण तोंडी सांगून ते लागू होत नाहीत. त्यासाठी कागद लागतो, तारीख लागते आणि पोच लागते.

सिम काढून टाकलं की कनेक्शन आपोआप बंद होतं ना?

प्रीपेड असेल तर होतं, पण सावकाश. सलग ९० दिवस त्या नंबरवरून कॉल, मेसेज, इंटरनेट असा काहीच वापर झाला नाही आणि खात्यात २० रुपयांपेक्षा जास्त शिल्लक नसेल, तर कंपनी नंबर बंद करू शकते. शिल्लक असेल तर २० रुपये कापून आणखी ३० दिवस नंबर राखला जातो. नंबर बंद झाल्यावर १५ दिवसांच्या सवलतीत तो परत सुरू करून घेता येतो.

पोस्टपेडचं तसं नाही. सिम कपाटात पडलेलं असलं तरी दर महिन्याचं भाडं चढत राहतं, कारण तुम्ही करार मोडल्याचं कंपनीला कळवलेलंच नसतं. आमच्याकडे एक निवृत्त मास्तर आले होते. मुलाकडे पुण्याला राहायला गेल्यावर त्यांनी जुनं पोस्टपेड सिम काढून ठेवलं आणि विसरून गेले. पुढे थेट वकिलाची नोटीस आली. एकही फोन न केलेल्या महिन्यांचं भाडं आणि त्यावर उशिराचा दंड, असं सगळं त्यात लावलेलं होतं. त्यांनी एक अर्ज दिला असता तर यातलं काहीच झालं नसतं.

बंद करण्याआधी काय करून घ्यावं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं.

आज मोबाइल नंबर म्हणजे निम्मी ओळख. आधार, बँक खातं, पीएम-किसान, पीक विमा, महाडीबीटी, शेतकरी ओळख क्रमांक, लाडकी बहीण, गॅसचं बुकिंग, फोन-पे, निवृत्तिवेतन, सगळीकडे ओटीपी त्या एकाच नंबरवर येतो. नंबर आधी बंद केला आणि मग बँकेत गेलात, तर पुढचे कितीतरी दिवस सीएससी केंद्राच्या बाकावर जातात. केवायसीची शेवटची तारीख तोंडावर असताना हे झालं की माणूस रडकुंडीला येतो.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी नवा नंबर सुरू करा. मग आधार केंद्रात स्वतः जाऊन आधारला नवा नंबर जोडून घ्या. तिथे बोटांचे ठसे द्यावे लागतात. मात्र जुन्या नंबरवरचा ओटीपी लागत नाही, त्यामुळे जुना नंबर आधीच गेलेला असला तरी हे काम होतं. त्यानंतर बँकेच्या शाखेत फॉर्म भरून द्या. बाकीच्या योजनांचं त्यामागून पाहता येतं. व्हॉट्सअ‍ॅपला नंबर बदलण्याची सोय आहे, तीही जुनं सिम चालू असतानाच वापरा. बँकेचा एक तरी ओटीपी नव्या नंबरवर आलेला डोळ्यांनी पाहा, आणि मगच जुन्या सिमच्या बंदीचा अर्ज द्या.

आम्ही ऊसतोडीला जातो. सहा महिने गावाकडचं सिम रिचार्ज होत नाही. नंबर जातो का?

जाऊ शकतो. दसरा-दिवाळीनंतर कर्नाटकात किंवा पश्चिम महाराष्ट्रात गेलेली टोळी उन्हाळ्याच्या तोंडावर परत येते, तोवर ९० दिवस कधीच उलटलेले असतात. गावाकडचा नंबर आधारला आणि बँकेला जोडलेला असेल, तर तो सोबत न्या, डबल सिमच्या फोनमध्ये ठेवा, अधूनमधून त्यावरून एखादा कॉल करा आणि खात्यात २० रुपयांच्या वर शिल्लक ठेवा. घरी राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाकडे सिम देऊन जात असाल, तर त्यांनाही हे समजावून सांगा. इंटरनेट नको असेल तर फक्त कॉल आणि मेसेजचं रिचार्ज मिळतं. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, असं रिचार्ज ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं. दुकानदार दाखवत नसेल तर मागून घ्या.

पोस्टपेड बंद करण्याची नेमकी रीत काय?

कंपनीच्या स्वतःच्या गॅलरीत जा. चौकातल्या रिचार्जच्या दुकानात हे काम होत नाही. ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्यानेच जायचं, सोबत ओळखपत्र, शेवटचं बिल आणि अर्जाच्या दोन प्रती. अर्ज साध्या कागदावर, मराठीत लिहिला तरी चालतो. मजकूर असा ठेवावा:

"विषय: मोबाइल क्रमांक ––– चे पोस्टपेड कनेक्शन कायमचे बंद करणेबाबत.

महोदय, वरील क्रमांक माझ्या नावावर आहे. हे कनेक्शन आज दि. ––– पासून कायमचे बंद करावे. आजपर्यंतचे अंतिम बिल मला द्यावे. माझ्या खात्यावरील ऑटो-पे रद्द करावा. अनामत रक्कम सोबत दिलेल्या बँक खात्यात जमा करावी. कनेक्शन बंद झाल्याचे व थकबाकी नसल्याचे लेखी कळवावे. या तारखेनंतरच्या भाड्याची जबाबदारी माझी राहणार नाही."

शेवटचं वाक्य गाळू नका, पुढे वाद झालाच तर तेच कामाला येतं. एका प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. त्यासोबत संगणकातला विनंती क्रमांकही मागा. नुसता शिक्का मारलेला अर्ज कधीकधी टेबलाच्या खणातच राहतो. क्रमांक निघाला म्हणजे विनंती खरोखर नोंदली गेली.

अर्ज दिल्यापासून आठवड्याभरात कनेक्शन बंद व्हावं, असा सेवेच्या दर्जाचा दंडक आहे. बिलाचा महिना कधी संपतो तेही पाहून घ्या. नवा महिना लागायच्या चार-पाच दिवस आधी अर्ज दिला तर पुढच्या भाड्याचा वाद मुळात उभा राहत नाही.

आमच्या तालुक्याला गॅलरीच नाही. जिल्ह्याला गेलो तर अर्ज घेत नाहीत. मग?

मग अर्ज टपालाने पाठवा. बिलावर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार निवारणाचा पत्ता आणि ई-मेल दिलेला असतो. पत्त्यावर स्पीड पोस्टने अर्ज पाठवा आणि पावती जपून ठेवा. तोच अर्ज सहीनिशी फोटो काढून ई-मेलने पाठवा. शिवाय कस्टमर केअरला फोन करून तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक मेसेजने येतो. देवणी किंवा सोनपेठहून जिल्ह्याला चार चकरा मारण्यात जो रोज बुडतो, त्यापेक्षा हा खर्च किरकोळ आहे.

गॅलरीत कोणी "घेत नाही" म्हणालं, तर त्या माणसाचं नाव, वेळ आणि तारीख अर्जाच्या मागे लिहून ठेवा. बऱ्याचदा नाव विचारताच शिक्का सापडतो.

बंद करा म्हटलं की ऑफरच सांगत बसतात. काय बोलावं?

ग्राहक टिकवण्यासाठी वेगळी माणसं बसवलेली असतात आणि त्यांना त्याचंच काम दिलेलं असतं. लातूरच्या एका काउंटरवरचं बोलणं कानावर पडलं ते असं:

"बंद कशाला करायलाव मामा? निम्म्या भाड्याचा प्लॅन लावून देतो."
"नको बाबा, बंदच कर."
"बरं, दोन महिने फुकट वापरा, मग बघू."

मामांनी मान हलवली आणि कनेक्शन चालू राहिलं. दोन महिन्यांनी पुन्हा जुनंच भाडं लागू झालं. सवलत खरोखर हवी असेल तर घ्या, त्यात गैर काही नाही. पण ती मेसेजवर लेखी घ्या आणि किती महिन्यांची आहे ते वाचा. नको असेल तर कारणांच्या चर्चेत शिरू नका. भाडं जास्त म्हणालात तर स्वस्त प्लॅन पुढे येतो, रेंज नाही म्हणालात तर "टॉवरचं काम चालू आहे" ऐकावं लागतं. "मला कनेक्शन बंद करायचं आहे, विनंती नोंदवा आणि क्रमांक द्या," एवढंच म्हणत राहा. ती पोरंही नोकरी करतात, त्यांच्यावर चिडून उपयोग नाही.

दहा-बारा दिवस झाले, तरी सिम चालू आणि नवं बिलही आलं. आता?

पहिली पायरी कंपनीचं तक्रार केंद्र. फोन करा, अर्जाची तारीख सांगा, तक्रार क्रमांक घ्या. तिथे सुटलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जायचं. ही दुसरी पायरी बहुतेकांना माहीतच नसते. २०१२ च्या ट्रायच्या नियमांनी प्रत्येक कंपनीला ती ठेवावी लागते. अपील ३० दिवसांच्या आत करायचं, त्याला फी नाही आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत लागायला हवा. पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर असतो, जरा खोल शोधावा लागतो.

ट्रायकडे थेट तक्रार पाठवणारे बरेच आहेत. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, ती कंपनीकडेच पाठवली जाते. त्यापेक्षा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ लावा, तिथे मराठीत बोलता येतं. केंद्राच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभागाच्या नावे तक्रार टाकली तरी कंपनीकडून उत्तर मागवलं जातं.

शेवटच्या बिलात भलतेच पैसे लावलेत. भरून मोकळं व्हावं का?

आधी तपशीलवार बिल मागा. वादाची कलमं साधारण ठरलेली असतात: बंदीच्या तारखेनंतरचं भाडं, उशिराचा दंड आणि मूल्यवर्धित सेवा. या शेवटच्या प्रकारात कॉलर ट्यून, ज्योतिष, क्रिकेटचे मेसेज, गेम असं काहीही निघतं. अशी सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची दोनदा खात्रीची संमती घ्यायला हवी, असा ट्रायचा २०१३ चा आदेश आहे. तुम्ही संमती दिली नसेल तर कंपनीकडे संमतीची नोंद मागा आणि पैसे परत मागा. चालू सेवा बंद करायला १५५२२३ हा नि:शुल्क क्रमांक आहे.

जी रक्कम तुम्हाला मान्य आहे ती भरून टाका आणि बाकीच्या रकमेवर लेखी हरकत घ्या. सगळंच बिल अडवून धरलं की थकबाकीदार म्हणून तुमचंच नाव लागतं आणि मूळ मुद्दा मागे पडतो.

अनामत परत मिळत नाही.

मिळायलाच हवी. अंतिम बिलात काही देणं असेल तर ते वळतं करून उरलेली रक्कम द्यायची असते. बंद होऊन दोन महिने उलटले आणि पैसे आले नाहीत, तर मुदत नक्कीच टळलेली आहे, थेट तक्रार आणि अपीलाच्या मार्गाला लागा. आंतरराष्ट्रीय कॉल किंवा रोमिंगसाठी कधीकाळी भरलेली अनामत लोक विसरतात. जुन्या पावत्या चाळून पाहा. घरच्या फायबर इंटरनेटलाही हेच लागू आहे, फक्त तिथे राउटर परत दिल्याची पावती घ्यायला विसरू नका. तो दारातल्या पोराच्या हातात तसाच देऊ नका.

ऑटो-पे लावलेला आहे. बंद केल्यावरही पैसे कापले गेले तर?

कंपनी रद्द करेल म्हणून वाट पाहू नका, तुमच्याकडूनच रद्द करा. यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये ऑटो-पेच्या यादीत जाऊन तो थांबवता येतो, कार्डवर असेल तर बँकेकडून. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा कपातीच्या किमान २४ तास आधी सूचना येते, तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका. पण अंतिम बिल भरल्यावरच हे करा.

रेंजच मिळत नाही. बंद करण्यापेक्षा पोर्ट करावं का?

नंबर आधारला, बँकेला, गिऱ्हाइकांना माहीत असेल तर माझं स्पष्ट मत आहे की पोर्ट करा. नंबर तोच राहतो, जुनी कंपनी सुटते, ओटीपीची सगळी कटकट वाचते. देशभर ही सोय २० जानेवारी २०११ पासून आहे आणि ३ जुलै २०१५ पासून राज्य बदललं तरी नंबर तोच ठेवता येतो.

पद्धत सोपी आहे. मेसेजमध्ये इंग्रजी मोठ्या अक्षरांत 'पोर्ट' लिहायचं, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर टाकायचा आणि १९०० ला पाठवायचं. उत्तरात आठ अक्षरांचा कोड येतो, आपल्याकडे तो ४ दिवस चालतो. तेवढ्यात नव्या कंपनीच्या दुकानात आधार घेऊन जायचं. त्याच सर्कलमध्ये, म्हणजे मोबाइल सेवेच्या त्याच विभागात, ३ कामाचे दिवस लागतात, दुसऱ्या सर्कलमध्ये ५. रविवार आणि सुट्ट्या त्यात मोजत नाहीत. बदल होताना काही तास फोन बंद राहतो, म्हणून भरणा, परीक्षेचा अर्ज अशी कामं त्या दिवशी ठेवू नका.

"तुमच्या रिचार्जमध्ये मेसेज नाही, म्हणून पोर्ट होणार नाही" असं कोणी सांगितलं तर ते चूक आहे. रिचार्ज कितीचाही असो, १९०० वर मेसेज जाऊ द्यायलाच हवा, असा आदेश ट्रायने ७ डिसेंबर २०२१ ला दिला आहे.

देगलूर, बिलोली, धर्माबाद, उदगीर, उमरगा या सीमेवरच्या भागात एक गोष्ट पाहून घ्या. तिथे पुष्कळांकडे तेलंगणा किंवा कर्नाटकाच्या बाजूला घेतलेलं सिम असतं. मराठवाडा महाराष्ट्र सर्कलमध्ये येतो, त्यामुळे त्या सिमचं इकडे पोर्टिंग म्हणजे दुसऱ्या सर्कलचं काम, त्याला ५ दिवस धरा.

प्रीपेडची शिल्लक आणि उरलेली व्हॅलिडिटी नव्या कंपनीत येत नाही. वर्षाचं रिचार्ज मारल्यावर महिन्याभरात पोर्ट केलंत तर ते पैसे गेले. आणि कोणत्या कंपनीची रेंज चांगली हे शेजाऱ्याच्या घरात, तुमच्या शेतात, तुमच्या विहिरीपाशी उभं राहून पाहा. बालाघाटाच्या डोंगरात एका वाडीत मिळणारी रेंज पलीकडच्या तांड्यावर मिळेलच असं नाही. लाइट गेल्यावर टॉवर किती वेळ तग धरतो, तेही गावातल्या माणसालाच विचारा.

पोर्टची विनंती फेटाळली. कारण काय असू शकतं?

बहुधा यातलं एखादं: त्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले नाहीत, पोस्टपेडचं आलेलं बिल थकलं आहे, सिम दुसऱ्याच्या नावावर करण्याचं काम अर्धवट आहे, कोड चुकला किंवा त्याची मुदत गेली, नंबरावर न्यायालयात वाद चालू आहे. जुलै २०२४ पासून आणखी एक कारण वाढलं आहे. सिम हरवून किंवा बिघडून नवं घेतलं असेल तर ७ दिवस कोड मिळत नाही. फसवणूक करणारे परस्पर सिम बदलून नंबर पळवत, त्याला चाप बसावा म्हणून हा नियम आला. तो गैरसोयीचा वाटला तरी बरा आहे.

पोर्ट झाल्यावर जुन्या कंपनीचं अंतिम बिल येतं, ते भराच. न भरल्यास जुनी कंपनी नव्या कंपनीला सांगून तुमचा नंबर बंद पाडू शकते.

भाडं परवडत नाही, पण कंपनी चांगली आहे.

मग त्याच कंपनीत पोस्टपेडचं प्रीपेड करून घ्या. नंबर तोच राहतो आणि २०२१ पासून हे ओटीपीवर होतं.

वाळूजच्या कंपनीत होतो, सिम कंपनीने दिलेलं. नोकरी सोडली, नंबर मला हवा आहे.

ते कनेक्शन कंपनीच्या नावावर आहे, तुमच्या नाही. त्यामुळे बंद करायचा किंवा पोर्ट करायचा अधिकार कंपनीचा. शेवटच्या दिवसाआधी मनुष्यबळ विभागाकडून ना-हरकत पत्र घ्या. त्यावर नंबर तुमच्या नावे होतो किंवा पोर्ट करता येतो. राजीनामा मंजूर होईपर्यंत लोक हे टाळतात आणि नंतर सही करणारा साहेब भेटत नाही. नंबर नकोच असेल तर सिम जमा केल्याची पोच घ्या, म्हणजे पुढचं बिल अंतिम हिशेबातून कापलं जाणार नाही.

फोन हप्त्यावर घेतला होता. सिम बंद केलं की हप्ते थांबतात का?

नाही. हप्ता फायनान्स कंपनीचा, तो वेगळा करार आहे. हप्ते चुकवलेत तर सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडतो आणि पुढे ट्रॅक्टरच्या कर्जाला अडचण येते.

वडील वारले. त्यांच्या नावावरचा नंबर बंद करायचा आहे.

घाई करू नका. वडिलांच्या बँक खात्याचं, विम्याचं, निवृत्तिवेतनाचं, सोसायटीच्या कर्जाचं काम मार्गी लागेपर्यंत तो नंबर चालू असलेला बरा. तिथून येणारे मेसेज बघूनच पुष्कळदा घरच्यांना कळतं की कुठे काय होतं. मात्र त्या नंबरवरच्या ओटीपीने खात्यातून पैसे काढू नका. बँकेला मृत्यूची खबर देऊन वारसाच्या रीतीनेच पुढे जा.

नंतर मृत्यूचा दाखला, वारसाचं ओळखपत्र आणि नातं दाखवणारा कागद घेऊन गॅलरीत जायचं. नंबर बंद करता येतो किंवा घरच्या माणसाच्या नावावर करून घेता येतो. पुष्कळ घरांत आईला तो नंबर ठेवायचा असतो. त्यांना तो ठेवू द्या, नावावर करून घ्यायला एक फेरी पडते, बस्स. काही ठिकाणी "ग्राहकालाच घेऊन या" असं सांगितल्याचं लोक येऊन सांगतात. दाखला समोर ठेवून व्यवस्थापकाला भेटायचं म्हणा आणि नकार लेखी मागा.

माझ्या नावावर भलतीच सिम चालू आहेत असं कळलं. ती कशी बंद करू?

केंद्र सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर तुमच्या नावावरचे नंबर दिसतात. आपला नंबर टाकून ओटीपी दिला की यादी येते आणि प्रत्येकापुढे हा माझा नंबर नाही, याची गरज नाही, गरज आहे असे पर्याय असतात. अनोळखी नंबरापुढे पहिला पर्याय निवडा. तुमचाच पण नको असलेला जुना नंबर असेल तर "गरज नाही" निवडा. गॅलरीत न जाता सिम बंद करायची विनंती करण्याची ही वाट आहे, तरी थकबाकी तेवढी आधी मिटवा. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त ९ कनेक्शन चालतात.

उलट प्रकारही गावागावांत आहे. सिम वापरतो एक, नाव दुसऱ्याचं: दुकानदाराचं, चुलतभावाचं, जुन्या मुकादमाचं. असं सिम तुम्हाला बंदही करता येत नाही आणि पोर्टही. ज्याचं नाव आहे त्याला सोबत नेऊन एकदा आपल्या नावावर करून घ्या.

बंद केलेल्या नंबरच्या थकबाकीसाठी वकिलाची नोटीस आली. आता लोकअदालतीचंही पत्र आलं. पोलीस येतील का?

नाही. मोबाइल बिलाची थकबाकी ही दिवाणी बाब आहे. फोनवर अटकेची धमकी देणाऱ्याला नाव आणि कार्यालय विचारा, आणि सगळं लेखी पाठवा म्हणा.

लोकअदालतीचं पत्र घाबरण्यासारखं नसतं. राष्ट्रीय लोकअदालतीत दाखलपूर्व प्रकरणं म्हणून फोनची जुनी बिलंही ठेवली जातात. तिथे जा, टाळू नका. बंदीच्या अर्जाची पोच दाखवा आणि त्या तारखेनंतरचं देणं मान्य नाही असं सांगा. दोन्ही बाजू राजी झाल्या तरच तिथे तडजोड होते. तुम्ही सही केली नाही तर काही लादलं जात नाही. रक्कम खरोखर देणं असेल तर दंड माफ करून घ्यायची ती चांगली संधी आहे. सही करण्यापूर्वी कागद वाचून घ्या, कारण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही.

ग्राहक आयोगात जाता येतं का? वकील लागतो का?

जाता येतं. मोबाइल कंपन्या पूर्वी म्हणायच्या की तार कायद्यामुळे ग्राहक न्यायालयाला हा अधिकारच नाही. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ च्या निकालात हा मुद्दा निकाली काढला आणि ग्राहक आयोगाचा अधिकार मान्य केला.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. कंपनीचं मुख्यालय मुंबईला असो की दिल्लीला, तिने परभणीत यायचं. मोबदल्याची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, म्हणजे मोबाइल बिलाच्या तक्रारीला ती लागतच नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत दाखल करावं लागतं, म्हणून पोच, मेसेजचे स्क्रीनशॉट, बिलं तेवढा काळ तरी सांभाळा. मेसेज फोनमध्येच ठेवू नका, छापून फाइलला लावा.

तारखा पडतात, वेळ जातो, हेही खरं. दोनशे-तीनशे रुपयांसाठी मी कोणाला आयोगात पाठवत नाही, तिथे अपीलाची पायरी पुरते. पण वारंवार चुकीची बिलं, सिबिलवर डाग, मानहानीचे फोन असं घडलं असेल तर जरूर जा. मानसिक त्रासाची भरपाई आणि खर्चही मागता येतो.

"दोन तासांत तुमचं सिम बंद होणार, नऊ दाबा" असा फोन आला.

ठेवून द्या. ट्राय असे फोन करत नाही, हे ट्रायनेच वेळोवेळी जाहीर केलं आहे. तुमच्या बंदीच्या अर्जाशी याचा काही संबंध नसतो, योगायोगाने त्याच आठवड्यात आला की माणूस फसतो. ओटीपी मागणारा, अ‍ॅप टाकायला सांगणारा कोणीही कंपनीचा नसतो. संचार साथीवरच्या 'चक्षू'मध्ये तो नंबर कळवा. पैसे गेले असतील तर एक मिनिटही न घालवता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा १९३० लावा.

बंद केलेला माझा नंबर आता दुसऱ्या कोणाला मिळाला आहे. माझे मेसेज त्याला जातात का?

जातात, जर तुमच्याकडून कुठे तो नंबर बदलायचा राहिला असेल तर. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस कोणाला दिला जात नाही, त्यानंतर तो पुन्हा विक्रीला येतो. त्या माणसाची यात चूक नाही. त्याला फोन करा, नीट ओळख सांगा आणि कुठल्या बँकेचे, कुठल्या योजनेचे मेसेज येतात ते विचारा. ओटीपी मात्र त्याच्याकडे मागू नका, तो देणार नाही आणि देऊही नये. त्याने सांगितलेल्या यादीप्रमाणे एकेका ठिकाणी स्वतः जाऊन नंबर बदला, बँकेपासून सुरुवात करा.